त्रेपन्न-एन क्रमांकाची बाटली

नाशिकजवळच्या भगूरमध्ये १८९९ साली दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले. प्लेगची लस निघून तेव्हा दोन वर्षे झाली होती, तरी लोक टोचून घ्यायला कचरत. या भीतीला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

ही लस वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही १० घन सेंटिमीटर. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांवर प्रयोग झाला. टोचलेल्यांत रोग कमी दिसला. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. गजांआडच्या स्वेच्छेला किती वजन द्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

भीतीला खरा आधार मिळाला तो पंजाबातील मुलकोवाल गावात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचले गेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेले सुखरूप राहिले.

दोष बाटलीत होता, हे उघड. पण तो शिरला कुठे? हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक आम्ल वगळले होते, म्हणून चौकशी आयोगाने मुंबईच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. त्यांचे संचालकपद गेले. वास्तविक मुलकोवालमध्येच बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासूनच बाटलीत वाढत आले असते, तर उघडताच दुर्गंधी सुटली असती; तशी ती कुणाला आली नव्हती. इतकी साधी गोष्ट सरकारी दप्तरात पाच वर्षे दुर्लक्षित राहिली, हे चीड आणणारे आहे.

अखेर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.