फलालीनचें गांव

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. पाऊस पुष्कळ, थंडी बोंचरी, आणि टेकड्यांवर जिकडेतिकडे मेंढ्या. अशा देशीं लोकरीचें कापड विणलें जावें यांत नवल नाहीं. सेव्हर्न नदीकांठचें न्यूटाउन हें गांव एकोणिसाव्या शतकांत फ्लॅनेलसाठीं प्रसिद्ध होतें. आपल्याकडील वडील माणसें ज्याला 'फलालीन' म्हणत, तेंच हें कापड.

नदीपलीकडे कमर्शियल स्ट्रीटवर १८३० नंतरच्या दशकांतील विणकरांचीं घरें आहेत. तेथें आतां वस्त्रसंग्रहालय आहे. खालीं बिऱ्हाडें, आणि हातमागांस उजेड मिळावा म्हणून वरच्या मजल्यांवर खिडक्यांच्या रांगा. गांवांत रॉयल वेल्श वेअरहाउस ही १८७९ सालची लाल विटांची भव्य इमारतही आहे. प्राइस जोन्स या व्यापाऱ्यानें टपालानें मागणी घेऊन आगगाडीनें फलालीन पाठविण्याचा धंदा येथून भरभराटीस आणला.

परंतु गृहिणीच्या उपयोगाची गोष्ट निराळीच आहे. वेल्समधील कित्येक गांवांच्या नांवांत 'पँडी' हा शब्द येतो. दक्षिणेकडील टोनिपँडी हें त्यांतलेंच. पँडी म्हणजे कापड कुटण्याची पाणचक्की. मागावरून उतरलेलें लोकरी कापड सैल व विरळ असे. तें ओलें करून पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लांकडी हातोड्यांखालीं कुटीत. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घुसळण यांच्या योगानें ते एकमेकांत अडकतात, आणि कापड आटून दाट होतें. नंतर तें आंकडे लावलेल्या लांब चौकटींवर ताणून वाळवीत, म्हणजे पन्हा सर्वत्र सारखा राही. कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयांत १७६० सालची अशी एक लोकर-गिरणी मूळ जागेहून हलवून उभारली आहे. ती पाहिली म्हणजे ध्यानांत येतें कीं, कापडाचें आटणें त्या कारागिरांनीं टाळलें नाहीं. तें त्यांनीं आधींच उरकून घेतलें.

या फलालीनचे तुकडे जोडून आणि आंत लोकर भरून वेल्सच्या स्त्रिया जाड रजया शिवीत. आज बाजारांत मिळणारें फलालीन बहुधा सुती असतें. सुताला खवले नसतात. पण मागावर व गिरणींत ताणले गेलेले धागे पाण्यांत सैल होऊन आंखडतात. असें कापड शेंकडा तीन ते पांच, कधीं त्याहूनही अधिक आटतें. शेंकडा पांच धरले, तर ९० सेंटिमीटरांतले साडेचार गेले!

म्हणून कापड जरा जास्तच घ्यावें. कडांना आधीं टीप घालावी, आणि रजई पुढें ज्या पाण्यांत धुवावयाची त्याच पाण्यांत तें धुवून वाळवावें. शक्य तर हें दोनदा करावें. इस्त्री ओढून फिरवूं नये, दाबून उचलावी; नाहींतर कापड पुन्हा ताणलें जातें. मगच कात्री लावावी. फलालीनचे दोरे लवकर सुटतात, म्हणून शिवणीसाठीं पाव इंचाऐवजीं अर्धा इंच सोडावा. अस्तर आणि आंतला कापूस यांच्या आटण्याचाही विचार करावा. एक थर आटला आणि दुसरा तसाच राहिला, कीं चुण्या पडतात.

आपल्या गोधडीला ही अडचण का येत नाहीं? तिच्यांतलीं लुगडीं व धोतरें वर्षानुवर्षें धुवून जितकीं आटावयाचीं तितकीं आटून चुकलेलीं असतात. मात्र घरांत बाळ यावयाचें असलें, म्हणजे आजीच्या मऊ लुगड्याला नवें फलालीन लावून दुपटें शिवण्याची हौस होते. अशा वेळीं जुनें कापड जागेवर राहतें, नवें आटतें, आणि महिनाभर रात्रीं जागून घातलेले टांके पहिल्याच धुण्यांत वेडेवांकडे होतात. तें लुगडें तर पुन्हा मिळावयाचें नाहीं! नव्या कापडाला आधीं दोन पाणी दाखविलें, तर तेंच दुपटें पुढच्या भावंडांनाही पुरेल.