घसारा

ज्या आठवड्यात डॉक्टरांनी माझं प्रेशर वाढल्याचं जाहीर केलं, त्याच आठवड्यात आमच्या प्रेशर वॉशरचं प्रेशर उतरलं. घरातल्या प्रेशरची शिल्लक ठरलेली असावी आणि एकानं जास्त उचललं की दुसऱ्याला कमी पडत असावं, असा बँकवाल्याला शोभणारा सिद्धांत मी मांडला. आमच्या सौ.नं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

तसं दोघांचं नॉर्मल प्रेशर १२०च. माझं पाऱ्याचे १२० मिलिमीटर, त्याचं १२० बार. एक बार म्हणजे पाऱ्याचे साधारण ७५० मिलिमीटर. म्हणजे माझ्या मापानं यंत्राचं प्रेशर नव्वद हजार! माझं नुसतं दीडशेवर गेलं तर ताटातलं लोणचं बंद झालं.

एरिअर्सच्या पैशांतून घेतलेलं हे यंत्र. चार वर्षं त्यानं आमच्या गाडीच्या चाकांचा चिखल उडवला, दर दिवाळीला गच्ची धुतली. आणि आता तुळशीला झारीनं पाणी घालावं तशी त्याची धार! शिवाय बंदुकीच्या सांध्यातून माझ्या पायजम्यावर पिचकारी.

"भंगारवाल्याला देऊन टाका," सौ. म्हणाली. "चार वर्षं राबलं. पैसे वसूल झाले."

मी चपापलो. काउंटरवर मी बावीस वर्षं राबतोय. त्यातच डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याबद्दल "झीज आहे" असा शेरा मारला होता. झिजेलाच आम्ही कॉमर्सवाले घसारा म्हणतो. यंत्रावर दरसाल उरलेल्या किमतीच्या १५ टक्के. या हिशेबानं वॉशरची चार वर्षांनी ५२ टक्के किंमत शिल्लक होती. माझी मनातल्या मनात काढली. तीन टक्केही भरेना. यंत्र भंगारात गेलं तर पुढचा नंबर कोणाचा, हे सांगायला सी.ए. नको होता.

रविवारी बोहरी आळी गाठली. "वॉशरचे वॉशर द्या," या माझ्या विनोदावर काउंटरमागचे वयस्क गृहस्थ हसले नाहीत. मी अंगठा आणि तर्जनी जुळवून रिंगचं माप दाखवलं. त्यांनी माझ्या बोटांकडे बघत एक रिंग दिली. ती घरी बसवली आणि पिचकारी पायजम्यावरून बनियनवर आली.

दुसऱ्या खेपेला जुना माल बरोबर नेला. गृहस्थांनी व्हर्नियर काढला. "साहेब, ओ-रिंगची दोन मापं. आतला व्यास आणि रबराची जाडी. अर्धा मिलिमीटर जाड आणलीत, ती चिमटली." मग नोझल उजेडाकडे धरलं. "प्रेशर नोझल करत नाही. पंप पाणी ढकलतो, बारीक भोक त्याला अडवतं, म्हणून प्रेशर. वाळूकणांनी भोक झिजून मोठं झालंय. आता पाण्याला अडवणारं कोणी नाही." बारीक भोकाचं द्या, जास्त जोर येईल, असं मी सुचवलं तेव्हा ते प्रथमच हसले. "जोर येईल, पण पंपाच्या जिवावर. तुमच्या मशीनला लागतं त्याच नंबरचं घ्या. पंप शेवटी उघडायचा. आधी पाणी येतं तिथली जाळी बघा."

जाळी बघितली. तिच्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचा अर्धा तळ होता.

बिल झालं एका हॉटेलातल्या दोन डोशांएवढं. निघताना त्यांनी बजावलं, "प्लग काढा, नळ बंद करा, मग बंदुकीचा घोडा दाबून साठलेलं प्रेशर सोडा. त्याशिवाय हात घालायचा नाही." हा नियम आमच्या मॅनेजरच्या केबिनलाही लागू आहे, पण त्यांचा घोडा कुठे असतो ते बावीस वर्षांत सापडलेलं नाही.

घरी सगळं तसंच केलं. नवी रिंग पीळ न पडू देता बसवली, तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं, हिरवं नोझल खटकन बसलं. हिरवं म्हणजे धारेचा पंखा २५ अंशांचा. लाल नोझल शून्य अंशाचं. गाडीचा रंगच काढायचा असेल तर ते. बटण दाबलं, आणि गच्चीवरचं चार महिन्यांचं शेवाळ सुटून पळालं! मी कोरडाठाक.

सौ. दारात उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात प्रेशरची गोळी.

"चाललं की हो," ती म्हणाली. "मी उगाच भंगारात काढत होते."

"आणि मला?" मी गोळी गिळत विचारलं. प्रश्न गमतीचा होता, पण आवाज जरा निराळाच निघाला.

तिनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "तुमचं माप कुठल्या दुकानात मिळायचं? आहे तेच जपून वापरायचं." आणि पेला घेऊन आत गेली.

पंधरा टक्क्यांच्या त्या हिशेबात एक सोय आहे. कितीही वर्षं वजाबाकी करा, शिल्लक शून्यावर कधीच येत नाही. परीक्षेत मी हे लिहून मार्क मिळवले होते. पटलं मात्र त्या दिवशी. जेवताना पानात लोणच्याची एक बारीकशी फोडही होती.