मिरचीचं माहेर

ओहायोतल्या आमच्या आडगावात देशी हॉटेल नाही. त्यामुळे शाकाहारी माणसाला मेक्सिकनचाच काय तो आधार. राजम्यासारखे बीन्स, भात, पोळीची बहीण टॉर्टिया आणि झणझणीत साल्सा. अजून काय पाहिजे हो?

शुक्रवारी ऑफिसातून थेट घराजवळच्या हॉटेलात गेलो. टॉर्टिया गार आणि वातड, साल्सा चक्क गोड! बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, म्हणून विचारलं. "थोडीशीच," वेटर हसून म्हणाला. संपलंच! उरला नुसता भात.

मिरची मूळची मेक्सिकोची. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली आणि आपण तिला घरची लक्ष्मी करून टाकलं. इथे तिच्याच माहेरची पाटी लावून तिलाच हाकललंय!

१८ डॉलर गेले, जाऊ देत. पण आठवड्यातून एकदा घरच्यासारखं जेवायची जागा गेली, त्याचं काय?