काळ्या दगडाच्या मुलखात खारे पाणी

घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळखडकाचा एखादा कोपरा उभा करून त्यात शोभिवंत कोळंब्या सांभाळणे हा किनाऱ्यावरच्या माणसाचा छंद मानला जातो. परंतु रायगडच्या डोंगरपायथ्याच्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत तो जोपासू पाहणाऱ्याला त्याचे मर्म अधिक लवकर उमगते, कारण येथे समुद्राचे पाणी आयते मिळत नाही, ते घडवावे लागते आणि घडवल्यावर वर्षभर त्याच एका स्थितीत राखावे लागते. मासा पाण्यातला थोडाफार बदल सोसून नेतो. कोळंबी तो अंगावर घेते, कारण तिला ठरावीक दिवसांनी आपले संपूर्ण कवच उतरवावे लागते, आणि त्या घटकेला तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कोणतेच संरक्षण उरत नाही. या छंदातील जवळजवळ प्रत्येक नियम त्या एका घटकेसाठी आहे.

प्रथम मिठाचा विचार करावा लागतो. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत साध्या मिठाचा वाटा सर्वांत मोठा असला तरी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जिवांच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे असते. पेण-उरणची मिठागरे याच जिल्ह्यात असताना परदेशी बनावटीचे महागडे सॉल्ट मिक्स विकत का घ्यायचे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मिठागराच्या कामातच आहे. उन्हाने पाणी आटत जाते तेव्हा आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, नंतर जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे दशांशावर आले की मीठ धरू लागते. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मात्र शेवटी उरणाऱ्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी काढून टाकले जाते. म्हणजे मिठागरातले मीठ जितके स्वच्छ, तितके ते समुद्रापासून दूर गेलेले असते, आणि ते पुन्हा पाण्यात विरघळवले तरी समुद्र परत मिळत नाही. उरण-धरमतरच्या बाजूचे खाडीचे पाणी आणावे, हा दुसरा सुचणारा उपायही टिकत नाही. पावसाळ्यात पाताळगंगा आणि अंबा या नद्या धरमतरच्या खाडीत इतके गोडे पाणी आणि गाळ ओततात की तिची क्षारता महिनोन्‌महिने खुल्या समुद्राच्या जवळपासही नसते.

मिठाइतकाच विचार ज्या गोड्या पाण्यात ते मिसळायचे त्याचा करावा लागतो. या मुलखाला पाण्याची ददात नाही, असे वरवर वाटते. लोणावळ्याच्या बाजूची तळी अडवून टाटांनी १९१५ साली खोपोलीला आणि ठोकरवाडीचे धरण बांधून १९२२ साली भिवपुरीला वीजकेंद्र सुरू केले, आणि त्या केंद्रांतून खाली सोडलेल्या पाण्यावर पाताळगंगा आणि पेज या नद्या भर उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. तरीही नदीचे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जसेच्या तसे टाकीत घालता येत नाही. बोअरच्या पाण्यात काळ्या दगडातून आलेले सिलिकेट आणि शेतातून झिरपलेले नायट्रेट असू शकते, आणि दोन्हींमुळे काचेवर, खडकांवर तपकिरी किंवा हिरवे शेवाळ माजते. पावसाचे पाणी मुळात जवळजवळ क्षारहीन असले, तरी ते जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरून आणि तांब्या-पितळेच्या जोडांतून येते, आणि जस्त व तांबे हे दोन्ही धातू कोळंबीला अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात. त्यातही तांब्याची गोष्ट विलक्षण आहे, कारण कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे द्रव्य स्वतःच तांब्यावर चालते. शरीराने मोजून घेतलेले तांबे तिला जगवते आणि पाण्यात विरघळलेले तांबे तिचे कल्ले निकामी करते. मराठी घरात पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवण्याची जुनी रीत आहे आणि अलीकडे पिण्याच्या पाण्याच्या कित्येक शुद्धीकरण यंत्रांत मुद्दाम तांब्याची नळी बसवलेली असते, म्हणून कोळंबीसाठीचे यंत्र वेगळेच असावे: पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यातून गाळणारे आर.ओ. आणि त्यापुढे उरलेसुरले आयन शोषून घेणारी रेझिनची नळी. त्या पाण्यात मीठ घालून ते प्लास्टिकच्या पिंपात रात्रभर ढवळत ठेवायचे आणि रिफ्रॅक्टोमीटर या प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणाऱ्या उपकरणाने क्षारता ३५ वर आली आहे, हे पाहूनच वापरायचे.

तांब्याच्या जोडीला दुसरा शत्रू हवेतून येतो. पावसाळ्यात या भागात डासांचा उपद्रव मोठा असतो आणि लाकूडकामाच्या घरांत वाळवीवर फवारणीही होत असते. या औषधांतील पायरेथ्रॉइड ही कीटकनाशके कीटकांवर जशी चालतात तशीच कोळंबीवरही चालतात, कारण दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे आणि बाह्य कवचाचे प्राणी आहेत. टाकीत हवा सोडणारा पंप ज्या खोलीत असेल तेथील हवा तो बुडबुड्यांतून थेट पाण्यात मिसळत असतो. म्हणून त्या खोलीत डास घालवण्याचे द्रावण, अगरबत्ती किंवा फवारा काहीही वापरू नये आणि मच्छरदाणीवर भागवावे, ही अट घरातल्या सर्वांनी मान्य केल्याखेरीज हा छंद सुरूच करू नये.

आता कात. क्लीनर श्रिंप या नावाने बाजारात येणारी लिस्माटा अम्बोइनेन्सिस ही जात यासाठी नमुन्यादाखल घेता येईल: अंग पिवळसर, पाठीवर दोन लाल पट्टे आणि त्यांच्या मधोमध एक पांढरी रेघ, आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. कात टाकण्याआधी ती खाणे कमी करते आणि खडकाच्या आडोशाला जाते. जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच तयार होत असते आणि जुन्यातील काही खनिजे शरीर परत ओढून घेत असते. मग पाठीवर, जेथे डोक्या-छातीचे चिलखत संपते आणि पोटाचे पहिले वलय सुरू होते, तेथील सांधा उकलतो, कोळंबी अंगाला झटका देते आणि त्या फटीतून बाहेर पडते. सगळे घाईत होते. मागे राहते ती संपूर्ण कोळंबीच: मिशांची आवरणे, पायांचे सांधे, डोळ्यांवरचे पारदर्शक पडदे, इतकेच काय, जठराच्या आतले अस्तरसुद्धा त्या पोकळ सांगाड्यात असते, आणि नवखा पालक तिला मेलेली समजून हळहळतो. बाहेर पडलेला जीव पाणी शोषून फुगतो, नव्या मापाचा होतो, आणि मग पाण्यातले कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन कवच कठीण होईपर्यंत एक-दोन दिवस लपून राहतो. या काळात क्षारता अचानक घसरली किंवा चढली, तर कोळंबी जुन्या कवचातच अडकते किंवा मऊ अवस्थेत दगावते. म्हणून अनुभवी पालक कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास राखतो खरा, पण कालचा आकडा आणि आजचा आकडा सारखा आहे ना, याची चिंता त्याला त्याहून अधिक असते. किंचित कमी पण स्थिर असलेले पाणी हे रोज दुरुस्त केल्या जाणाऱ्या पाण्यापेक्षा कोळंबीला नेहमीच मानवते.

ही स्थिरता राखणे कर्जत-खालापुरात ऋतुमानामुळे अवघड होते. टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत असावे लागते, तर चैत्र-वैशाखात बाहेरचा पारा चाळिशी गाठतो. कोरड्या दिवसांत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की भागते, कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते तेवढ्याने १०० लिटर पाणी साडेपाच-सहा अंशांनी निवू शकते. मात्र वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहते. १०० लिटरच्या टाकीतून तीन लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून ३६ च्या पुढे जाते, आणि तेवढे क्षारहीन पाणी थोडेथोडे करून परत घालावे लागते. हे काम पातळी घसरताच चालू होणाऱ्या स्वयंचलित तरंगत्या खटक्यावर सोपवलेले बरे, कारण सकाळी राहिले म्हणून संध्याकाळी एकदम तीन लिटर ओतणे हाच तो अचानक बदल असतो. पावसाची झड लागली की हवा दमट होते, वाफ होणे मंदावते आणि पंखा निरुपयोगी ठरतो, पण तेव्हा हवाच थंड असल्याने बिघडत नाही. खरी कसोटी मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात आणि पाऊस ओसरल्यावरच्या ऑक्टोबर हीटमध्ये लागते, जेव्हा ऊन तापलेले असते आणि हवाही ओलीच असते, म्हणून पंखा असून नसल्यासारखा होतो; या दोन काळांसाठी चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, किंवा खोलीची वातानुकूलन यंत्रणा हाताशी हवी. शिवाय वादळी पावसात तारांवर झाड पडून वीज गेली की प्रश्न प्राणवायूचा होतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तितक्याच उष्ण समुद्रपाण्यात तो पावणेसातच मावतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही येथे चैन मानता येत नाही.

जातींविषयी थोडक्यात सांगता येईल. क्लीनर श्रिंप माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मृत त्वचा टिपते आणि नवशिक्याला मानवते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची स्टेनोपस हिस्पिडस ही जोडीनेच राहते आणि जोडीबाहेरच्या सजातीयाला मारते. हायमेनोसेरा पिक्टा ही देखणी जात केवळ तारामासे खाऊन जगते, म्हणून तिला तारामासे पुरवत राहण्याची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. अल्फियस वंशातील पिस्तूल कोळंबीचा उल्लेख मात्र विस्ताराने करण्याजोगा आहे. तिचा मोठा चिमटा मिटताना पाण्याची जी चिळकांडी उडते तिने पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचाच तो टणत्कार असतो, हे २००० साली संशोधनाने दाखवले. चिमट्याची बोटे आपटून आवाज होतो, ही तोपर्यंतची समजूत होती. दृष्टी अधू असलेली ही कोळंबी वाळूत बीळ खोदते, गोबी जातीचा छोटा मासा त्याच्या तोंडाशी पहारा देतो, आणि बाहेर येताना कोळंबी आपली एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकवून ठेवते, म्हणजे त्याने शेपूट हलवताच तिला आत वळता येते. ही सोबत काचेपलीकडे दिवसाउजेडी पाहायला मिळते आणि तिच्यासाठी एकही प्रवाळ लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा कायद्याच्या अंगानेही महत्त्वाचा आहे. खडक बांधणारी कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणजे भारतीय समुद्रातून ती काढणे वा विकणे हा वाघाच्या शिकारीच्या पंक्तीतला गुन्हा झाला, आणि ‘लाइव्ह रॉक’ या नावाने विकला जाणारा समुद्रातला खडक बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्यामुळे परदेशी चित्रांतील रंगीत प्रवाळबागेची नक्कल करण्यापेक्षा कारखान्यात तयार केलेला कोरडा सच्छिद्र खडक घेऊन, त्यात अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाढू देऊन, काही महिन्यांनी टाकी मुरली की कोळंब्या आणि गोबी यांनाच तिचे मुख्य रहिवासी करणे, हा येथल्या पालकासाठी सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

कोळंब्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण बाजारातल्या बहुतेक सागरी कोळंब्या आजही समुद्रातून पकडलेल्या असतात. लिस्माटाची प्रौढ जोडी टाकीतही सहज अंडी धरते, प्रत्येक कोळंबी एकाच वेळी नर आणि मादी असल्याने कोणत्याही दोघी पुरतात, आणि हिरवट अंड्यांचा घोस पोटाखाली सुमारे दोन आठवडे दिसतो. पण रात्री बाहेर पडणारी पिल्ले तरंगत्या डिंभावस्थेतून अनेक आठवडे, कधी महिने जातात, आणि घरच्या टाकीत ती पंपात किंवा माशांच्या तोंडात संपतात. अशी लांब डिंभावस्था ही केवळ समुद्राची गोष्ट नाही. गोड्या पाण्यात राहणाऱ्या मॅक्रोब्रॅकियम वंशातील अनेक कोळंब्यांची पिल्लेही खाडीच्या मचूळ पाण्यातच वाढतात, म्हणजे ठाकर-कातकरी ज्या कोळंब्या ओढ्यांत धरतात त्यांच्यातही समुद्राशी बांधलेल्या जाती असू शकतात. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने थॉर हैनानेन्सिस आणि ॲन्सिलोकॅरिस ब्रेव्हिकार्पॅलिस या लहान शोभिवंत कोळंब्यांची बंदिस्त पैदास साधून त्यांचे संगोपन तेथील स्त्रियांच्या हाती दिले आहे. कर्जतच्या पालकाने कुर्ला वा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदाराला किंमत विचारण्याआधी जीव पैदाशीचा की समुद्रातून धरलेला, हे विचारावे, पैदाशीचा मिळत असेल तर दोन पैसे जास्त मोजावेत, आणि लोकलच्या दीड-दोन तासांच्या प्रवासानंतर पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडत दोन्हींची क्षारता सारखी होईपर्यंत कोळंबीला टाकीत घालू नये.