सुरतेचं धुकं

गेल्या श्रावणात आठ दिवस सुरतेला भावाकडे होतो. भाऊ हजिऱ्याच्या एका कंपनीत नोकरीला, घर तापीच्या पलीकडे अडाजणात, तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीनंतर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि उन्हाळ्यात भावाने तिला फोंड्याहून इकडे आणलं. आयुष्यभर गजांच्या खिडकीपाशी झोपलेली बाई आता बंद काचेआड, एसीत झोपते.

सुरतेचा श्रावण म्हणजे पाऊस थांबला की घामाच्या धारा. शेजारच्या बेन 'बफारो' म्हणतात. त्या शब्दातच बाफ आहे, म्हणजे आपली वाफ. नदी उशाशी, समुद्र जवळ, हवा ओल्या पंचासारखी अंगाला चिकटते. (याच नदीने ऑगस्ट २००६ मध्ये अर्धंअधिक शहर पाण्याखाली घातलं होतं. तेव्हा अडाजण-रांदेरमध्येही पाणी शिरलं. बेन अजून पावसाकडे वेगळ्या नजरेने बघतात.) त्यामुळे वहिनीचा एसी रात्रभर अठरावर. मी काही बोललो नाही, पाहुण्याने बोलू नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. आई खिडकीशी उभी होती. पदराने काच पुसत होती. पुसायची, बघायची, परत पुसायची. मग चष्मा काढून डोळे पुसले, परत बघितलं, आणि गपचूप येऊन पलंगावर बसली.

"आई, कितें जालें गो?"

"कांय ना रे."

तिसऱ्या दिवशी तेच. मग मी पलंगावरून उठून तिच्याजवळ जाऊन बसलो. बराच वेळ गेला. शेवटी म्हणाली, "दोळ्यांत परत पडदो आयला."

गावात कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं की ऑपरेशन झालं तरी पडदा परत येतो. त्यात तथ्य आहे. नवीन भिंगामागचं पातळ आवरण काही जणांत महिन्या-वर्षांनी गढूळ होतं आणि लेसरने ते मोकळं करतात. पण आईचा पडदा रोज पहाटे यायचा आणि आठ वाजता एसी बंद केला की थोड्या वेळात जायचा. पेपर ती व्यवस्थित वाचत होती. तरी तिचा हिशेब पक्का होता : काच धुरकट असती तर पुसल्यावर साफ झाली असती. "पुसलें तरी वचना." मग दोष डोळ्यांचाच, दुसरा कुणाचा?

"मगीर कित्याक सांगूंक ना गो?"

"सांगून कितें? परत खर्च, परत तुमची रजा."

जून महिन्यापासून हे ती एकटी मनात घेऊन बसली होती. दोन महिने! आणि आम्ही रोज फोनवर "बरी मगो?" विचारत होतो.

मी काही न बोलता खिडकी सरकवली. तोंडावर गरम वाफेचा झोत आला. ग्रिलमधून हात बाहेर घालून काचेच्या बाहेरच्या अंगाला बोटाने एक रेघ ओढली. रेघेतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी लख्ख दिसली. आई रेघेकडे बघत राहिली. धुकं बाहेरून होतं, ती पुसत होती आतून.

मग स्वयंपाकघरातून स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून पाणी आणलं. दोन मिनिटांत पेला बाहेरून ओला. पेला फुटका नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. जत्रेतली थंड सोड्याची बाटली तिने जन्मभर बघितलीय. गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते. तीस अंशांना एका घनमीटरमध्ये सुमारे तीस ग्रॅम, वीस अंशांना जेमतेम सतरा. सुरतेतल्या श्रावणातल्या रात्री, अठ्ठावीस अंश आणि नव्वद टक्के दमटपणा असला, तर सव्वीसच्या आसपासच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसीचा वारा थेट ज्या काचेवर आपटतो ती त्याहून थंड होते. म्हणून सगळ्या खिडकीवर नाही, त्या एका तुकड्यावरच धुकं. आणि तो तुकडा नेमका आईच्या उशाशी. थंड मुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांकडे उलटा प्रकार. तिथे ऊब आत, म्हणून पोरं आतून काचेवर चित्रं काढतात.

हे आकडे मी आईला सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, ही खोली म्हणजे पेला.

ती जराशाने हसली. "म्हणजे आमी फ्रीजांत आसात!"

आमच्या फोंड्याच्या घरात ही भानगडच नव्हती. खिडकीला लाकडी गज आणि आतून फळ्या. शेजारच्या क्रिस्तांव घरात शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी होती, दुधी उजेड यायचा तिच्यातून. पण हवा आत-बाहेर एकच. दव धरायला काही थंडच नव्हतं. घामेजायचो ते आम्हीच.

असो. वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. त्या रात्री तिने एसी स्वतःहून चोवीसवर नेला आणि वाऱ्याची पट्टी छताकडे वळवली. नवीन एसी २०२० पासून चालू करताच चोवीसवरच असतात, तो अठरावर आपण नेतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र मी आईला तरी नेलंच. पडदा नव्हता.

निघायच्या दिवशी पहाटे बघितलं तर आई परत खिडकीशी. काच स्वच्छ होती. ती खिडकी इंचभर उघडून बाहेरच्या पावसाचा आवाज ऐकत होती.