रडार आणि टक्कर टाळण्याचा हिशेब

जहाजाचे रडार सूक्ष्म लहरी सोडते आणि त्या आदळून परत यायला लागलेल्या वेळेवरून वस्तूचे अंतर काढते. त्या क्षणी अँटेना जिकडे रोखलेला असेल, ती तिची दिशा. पडद्यावरच्या ठिपक्याला दर्यावर्दी 'एको' म्हणतात. वस्तू आत्ता कुठे आहे, एवढेच एको सांगतो. ती कुठे निघाली आहे हे पुन्हा पुन्हा मोजूनच कळते.

एकोची दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र घटते आहे, तर टक्करीचा धोका आहे असे धरायचे, ही मूळ कसोटी. नोंद सहसा दर 6 मिनिटांनी घेतात. तासाचा दहावा भाग असल्याने वेगाचा हिशेब तोंडी होतो. आज 'आर्पा' ही संगणकीय यंत्रणा दुसरे जहाज किती जवळून आणि किती मिनिटांनी जाईल ते दाखवते.

25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेतील नान्टुकेट बेटाजवळ 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही जहाजे एकमेकांवर आदळली. 51 जणांचा मृत्यू झाला. दोन्ही जहाजांवर रडार चालू होते. 'आंद्रेआ दोरिया'वर मात्र एकोची पद्धतशीर नोंद झाली नाही, आणि ते थोडे थोडे डावीकडे वळत गेले. अपुऱ्या रडार-माहितीवर अंदाज बांधू नये, असे 1972 ची आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणूनच बजावते. दृश्यमानता कमी असताना पुढच्या बाजूच्या जहाजासाठी डावीकडे वळणे टाळावे, हाही नियम तीत आहे. ओलांडून मागे टाकायच्या जहाजाचा तेवढा अपवाद.

प्रस्तुत लेखक रत्नागिरीसमोर बारा ते चारच्या वॉचवर असताना मुसळधार पावसात पुढे, किंचित डावीकडे एक एको आला. अंतर 10 सागरी मैल. 6 मिनिटांनी 8 मैल, दिशा तीच. म्हणजे जवळ येण्याचा वेग 20 नॉट आणि हाती उरलेली मिनिटे 24. कॅप्टनला ब्रिजवर बोलावून जहाज 40 अंश उजवीकडे वळवले. वळण्यापूर्वी उजवीकडचे पाणी तपासणे आवश्यक होते. मासेमारीबंदी 31 जुलैला संपली की या पट्ट्यात लहान नौकांची गर्दी असते आणि त्यांचा क्षीण एको लाटांच्या एकोंमध्ये हरवतो. ते एको दाबणारे बटण जास्त फिरवले तर नौकाही पुसली जाते. बटण जरा मागे घेताच दूरवर एक ठिपका दिसू लागला, एका फेरीत उमटणारा, दुसरीत नाहीसा होणारा. तो वाटेत नव्हता. पुढच्या नोंदीत मोठ्या जहाजाचा एको डावीकडे सरकलेला होता.

वळण असे लवकर आणि ठळक घ्यावे लागते, कारण पाच-पाच अंशांचे बदल समोरच्याच्या पडद्यावर उमटत नाहीत. वळल्यावरही दुसरे जहाज पूर्ण मागे पडेपर्यंत नोंदी चालू ठेवायच्या, मगच मूळ मार्गावर यायचे. डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी करण्याचे बंधन रडार असतानाही कायम राहते.