कूलरचा चिमटा

होळी झाली की आमच्या वऱ्हाडात कूलर बाहेर निघतो. सात-आठ महिने तो कोठीच्या कोपऱ्यात पोते पांघरून बसलेला असतो. त्याच्यावर हळदीचे डबे, पोरांची जुनी पुस्तके आणि एखाद्या वर्षी मांजरीची पिलेसुद्धा. मग एके दिवशी त्याला अंगणात आणायचे, धुवायचे, गंजलेल्या पत्र्याला रंग फासायचा, ताट्यांतले जुने गवत उपसून नवे भरायचे. पोळ्याला बैल सजवावा तसाच हा थाट. आमच्या घरी हे काम वर्षानुवर्षे मीच करीत आलो. मिस्त्रीला कशाला पैसे द्यायचे, हा माझा खाक्या. त्या खाक्यापायी काय घडले, तेच आज सांगायचे आहे.

आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातले, खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी खारट, बोअरचे त्याहून खारट. जनावरेसुद्धा तोंड लावून मान फिरवतात. नळाचे गोडे पाणी येईल तेव्हा ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. मग कूलरला कोणते? अर्थात खारे. कूलरची करामत मडक्यासारखीच. ओल्या ताटीतून कोरडी हवा गेली की पाणी उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून तर तो वऱ्हाडात चालतो आणि कोकणातल्या दमट हवेत फुकट जातो. पण उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. टाकीत रोज नवे खारे पाणी ओतावे आणि मीठ दिवसेंदिवस वाढत जावे, असे चालते. आठ दिवसांत ताटीवर पांढरी खपली धरते, महिन्यात गवत काडीसारखे कडक होते. पत्रा तर असा खातो की खालून बोट घालावे. एवढे मला कळत होते. तेच खारे पाणी वीजही जास्त सहज वाहून नेते, हे मात्र कधी डोक्यात आले नाही.

आमचा कूलर २००६ साली कापसाच्या पैशांतून घेतलेला. त्याचा पंप बदलून झाला, कंडेन्सर बदलून झाला, पंख्याची मोटर दोनदा बांधून आणली. शेवटी शेवटी तो ‘चिमटे’ काढू लागला. पत्र्याला हात लागला की झिणझिणी यायची. घरातल्या कारभारणीने पहिल्याच वर्षी सांगितले, “अवो, ह्या डब्ब्याले हात लावला की झटका बसते. मिस्त्रीले बोलवा एकदा.”

मी म्हणालो, “पाणी टाकताना पायात चप्पल घालत जाय.”

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा सांगितले. मी कूलरखाली लाकडी पाट सरकवला आणि शेजारी एक जुने रबरी पायपुसणे टाकले. झाली दुरुस्ती! गावात निम्म्या घरी कूलर असाच चिमटे काढतो आणि कोणी मनावर घेत नाही. पाहुणा आला की आपण हसत सांगतो, “जरा जपून हं, आमचा कूलर चावतो.”

२०२२ च्या एप्रिलातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. मी ओसरीवर सोसायटीच्या कर्जाचे कागद चाळीत होतो. आत बादली पडल्याचा आवाज झाला, पण त्यामागे हाक नाही, ओरडणे नाही. तेवढ्यानेच पोटात धस्स झाले. आत जाऊन पाहतो तो कारभारीण ओल्या फरशीवर अनवाणी उभी, उजवा हात पत्र्याला चिकटलेला, तोंड उघडे आणि आवाज नाही. मी तिला ओढायला धावलो. तोच बाजेवरून माझी माय कडाडली, “हात नोको लावू!” ऐंशी वर्षांची ती म्हातारी. तिने हातातली काठी वायरीत अडकवली आणि अशी हिसकली की बोर्डातला प्लग उपटून खाली पडला. कारभारीण भिंतीला टेकून खाली बसली. हाताला तीन बोटांवर पांढरे चट्टे होते. लगेच मोटारसायकलवर तिला तालुक्याला नेले. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि रात्रभर ठेवून घेतले. सकाळी आम्ही परत आलो. सगळी वाट ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर तिने आपली बाज उचलली आणि ओसरीवर नेऊन टाकली. “तो डब्बा नीट होईपर्यंत मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही,” एवढेच म्हणाली. ओसरीवर टीनपत्रे. दुपारी तिथे भाकर भाजावी असा ताप. पण ती बसली.

मग मिस्त्री आला. विशी-बाविशीचा पोरगा, आय.टी.आय. केलेला. त्याने कूलरला हात लावण्याआधी बोर्ड उघडला आणि एकेक करून माझी सगळी कारागिरी बाहेर काढली.

“काकाजी, हे बटन कुठं जोडलं तुमी? न्यूट्रलवर?”

म्हणजे असे की बटण बंद केले तरी फेजची तार जिवंतच राहायची. मायने काठीऐवजी बटणाकडे हात नेला असता तर काहीच उपयोग झाला नसता. हे ऐकून मी मटकन खाली बसलो.

पुढे त्याने प्लग दाखवला. तिसरी, जाडी पिन मोडलेली होती, कारण ती बोर्डात बसत नाही म्हणून मीच कधीकाळी मोडली होती. पंपाच्या वायरीचा जोड टेप गुंडाळून टाकीतल्या पाण्यात बुडालेला होता, तोही माझाच. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात दुहेरी तार घातलेली, तीही मीच. पण पोरगा म्हणाला, “काकाजी, तार बारीक असती तरी फ्यूज गेला नसता. पाच अँपिअरचा फ्यूज वायर जळू नये म्हणून असते. माणूस तर काही मिलीअँपिअरमधे जाते.” मला हे ठाऊकच नव्हते. फ्यूज आपल्याला वाचवतो अशीच माझी समजूत होती आणि वाचकांपैकी पुष्कळांची असेल. माणसाला वाचवणारा खटका निराळा, आर.सी.सी.बी. म्हणतात त्याला. तारेतून गेलेला करंट पूर्ण परत आला नाही, तीस मिलीअँपिअरएवढा दुसरीकडे झिरपला, की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडतो. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलीअँपिअर. दोहोंतला फरक ज्याचा त्याने पाहावा.

आणि अर्थिंग? आमच्या घराला अर्थिंगची तार होती. ती भिंतीतून बाहेर येऊन न्हाणीमागे मातीत खोचलेली होती. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, त्या भेगेत ती हवेत लोंबत होती. आम्ही आठ फूट खड्डा खोदला, त्यात भोके पाडलेला जी.आय. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. “अरे, आमच्या जमिनीत काय मीठ कमी आहे?” असे मी म्हटले, तर तो हसला. “मीठ असून काय करते, ओल पायजे.” म्हणून त्या पाइपाला वर नरसाळे आहे आणि उन्हाळ्यात दर पंधरवड्याला त्यात एक बादली पाणी घालायचे ते माझ्याकडे आहे. ते मी विसरत नाही.

काम आटोपायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी कारभारणीने स्वतः टेस्टर मागून घेतला, कूलरच्या चारी बाजूंना लावून पाहिला, मगच बाज आत आली.

पुण्याला नोकरी करणारा आमचा मुलगा म्हणाला, “बाबा, हे सगळं सोडा, ए.सी. घ्या.” मी ए.सी.चा वैरी नाही. अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तान्हे बाळ असेल, तर जरूर घ्यावा. पण दीड टनाचा ए.सी. साधारण दीड हजार वॅट खातो, आमचा कूलर पंखा-पंप मिळून दोनशे-अडीचशे. त्यातून गावात संध्याकाळी दिवे मिणमिणतात, तिथे त्याचे कसे चालणार? शिवाय ए.सी.ला बंद खोली लागते, कूलरला उघडी खिडकी. मायला उघड्या खिडकीशिवाय झोप येत नाही.

२०२३ मध्ये मात्र जुना डबा काढला आणि फायबरचा कूलर घेतला. जुन्या पत्र्यातून कोंबड्यांचे खुराडे झाले. नव्याला गवताऐवजी मधाच्या पोळ्यासारख्या जाड ताट्या होत्या. गार फार करतात, पण खाऱ्या पाण्याने दोन महिन्यांत त्यांची भोके बुजली. आता त्याला गोडे पाणी घालतो आणि कमी पडले तर रात्रीच चालवतो. फायबर चावत नाही हे खरे, पण आतले पाणी आणि पंपाची वायर तीच. म्हणून पाणी टाकण्याआधी प्लग काढायचा हा नियम कायम आहे. आठवड्याला टाकी रिकामी करून काठ घासून वाळवतो. मीठही निघते आणि डेंगीच्या डासांची काठाला चिकटलेली अंडीही.

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. त्या आठवड्यात आम्ही तिघे दुपारभर त्याच खोलीत होतो. नव्या खटक्यावर तपासणीचे एक बटण आहे, महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. ते काम कारभारणीने मला दिलेले नाही. एक तारखेला ती स्वतः स्टुलावर चढते, बटण दाबते, खटकन आवाज होतो, पंखा-कूलर सगळे थांबते. माय बाजेवरून विचारते, “गेली का वो लाइन?” ती म्हणते, “नाही आत्याबाई, मीच घालवली,” आणि खटका पुन्हा वर करून खाली उतरते.